थांबणाऱ्या गटाचा चातुर्मास

पद्मावतीबाईंनी बेरीज तिसऱ्यांदा करून पाहिली. उत्तर तेच आलं. बदलावं अशी त्यांची फार इच्छा होती असंही नाही, पण आयुष्यभर आकडे हाताळणाऱ्या माणसाला आकड्यांनीच वेडावून दाखवलं, की तीनदा तरी खात्री करून घ्यावीशी वाटते.

प्रकरण तसं साधं होतं. गौलीगुड्याच्या नवप्रभात विद्यालयात पाचवीतली वीस मुलं वाचनात मागे होती. त्यांतल्या दहांना वाचनाचा खास कार्यक्रम दिला आणि दहांना मुद्दाम दिला नाही. जूनमध्ये वीसही मुलं अडखळत अडखळत मिनिटाला तीसेक शब्द वाचायची. आता डिसेंबरात कार्यक्रम मिळालेली दहा सरासरी अठ्ठावन्न शब्द वाचत होती. छानच की. पण ज्यांना काहीच मिळालं नव्हतं ती दहा त्रेसष्ट वाचत होती. म्हणजे कागदावर अर्थ असा निघत होता, की मुलांना वाचायला शिकवायचं असेल तर त्यांना शिकवायला जाऊ नये.

"चहा निवतोय," नामदेवराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून बायकोच्या चहावर लक्ष ठेवणं हे एक काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

"निवू दे."

"परत कुणाचं तरी पितळ उघडं पडलं वाटतं."

"पडलंय खरं. कुणाचं ते कळत नाही," पद्मावतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

चिक्कडपल्लीच्या त्या फ्लॅटमध्ये गेल्या दहा वर्षांत असे बरेच चहा निवले होते. पद्मावतीबाई कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. एक्याण्णवनंतर देशाचा बाजार उघडला, आणि बाजारात जसे नवे साबण आले तसे शाळांमध्ये नवे कार्यक्रम आले. कुणी मुलांची स्मरणशक्ती वाढवायला आलं, कुणी एकाग्रता, तर कुणी थेट आत्मविश्वासच. प्रत्येकाकडे रंगीत फोल्डर, गळ्यात ओळखपत्र घातलेला एक हसरा माणूस आणि जेमतेम चार महिन्यांचा वेळ. या सगळ्याचा मुलांना खरंच उपयोग होतो का, हे शास्त्रशुद्ध तपासून द्यायला एक तटस्थ माणूस लागायचं. ते माणूस म्हणजे पद्मावतीबाई. आजवर अकरा कार्यक्रम त्यांनी तपासले होते. अकराही अहवालांत त्यांनी फिरवून फिरवून एकच गोष्ट लिहिली होती: थोडा फरक दिसतो, खात्री देता येत नाही. ते अहवाल कुणी वाचले असतील असं त्यांना वाटत नव्हतं. एकदा तर त्यांनी पान चौदावर एक संबंध परिच्छेद दोनदा छापला होता. कुणाचा फोनसुद्धा आला नाही.

हा बारावा. एका सॉफ्टवेअर कंपनीच्या हिमायतनगरातल्या ट्रस्टनं काढलेला. ट्रस्टचं काम बघणारा अमेय चौतीस वर्षांचा, पुण्याहून आलेला, मनानं चांगला आणि बोलायला भरधाव. त्यानं 'वाचनमित्र' नावाची एक पेटी तयार करून घेतली होती. तिच्यात नंबर घातलेली दोनशे कार्डं, वाळूचं घड्याळ, चिकटवायचे तारे आणि शिक्षकांसाठी पुस्तिका. ही पेटी चाळीस शाळांत न्यायची त्याची इच्छा होती. त्याआधी एका शाळेत ती पारखून घ्यायची, आणि पारख कडक हवी असं त्याचंच म्हणणं. म्हणून दोन गट. एक शिकणारा, एक थांबणारा. थांबणाऱ्यांची प्रगती आपोआप किती होते हे कळल्याशिवाय पेटीचा गुण कळायचा कसा? यात चूक काहीच नव्हतं. पद्मावतीबाई हेच तर पंचवीस वर्षं वर्गात शिकवत होत्या.

चिठ्ठ्या त्यांनीच काढल्या होत्या, जूनच्या शेवटच्या शनिवारी, वीसही मुलांसमोर. तसं करायची गरज नव्हती. ऑफिसात बसून काढता आल्या असत्या. पण शाळेचे मुख्याध्यापक एकनाथराव म्हणाले, सगळं उघड असलेलं बरं, नाहीतर पालक म्हणतील वशिला लावला. म्हणून स्टीलच्या डब्यातून एकेक नाव निघालं. नाव निघालेली मुलं खिडकीशी जाऊन उभी राहिली, न निघालेली बाकांवर बसून राहिली. त्यांतल्या रेणुका नावाच्या एका मुलीनं डबा रिकामा झाल्यावर सरळ विचारलं होतं, "मॅडम, माझं नाव का नाही आलं? मी काय केलं?"

"तू काही केलं नाहीस बाळ. तुमचा नंबर नंतर. संक्रांतीनंतर," पद्मावतीबाई म्हणाल्या होत्या.

मग पेटी चालवणाऱ्या सुशीलाबाईंना बाजूला घेऊन त्यांनी बजावलं होतं, की या दहांना कार्यक्रमातलं काहीही द्यायचं नाही, दया आली तरी नाही. सुशीलाबाईंनी मान डोलावली होती. शाळेत नऊ वर्षं हंगामी म्हणून राबणारी ही बाई. कायम होण्याची फाइल कुठल्यातरी टेबलावर पडून होती. असलं माणूस मान डोलावतं तेव्हा ती गोष्ट पक्की धरायला हरकत नसते, असा पद्मावतीबाईंचा अनुभव होता.

आणि आता हे त्रेसष्ट!

दुसऱ्या दिवशी त्या रिक्षानं गौलीगुड्याला गेल्या. एकनाथरावांना सांगितलं, की दोन-तीन मुलांची चाचणी पुन्हा घ्यायची आहे. थांबणाऱ्या गटातल्या रेणुकाला बोलावून नवाच उतारा तिच्यापुढे ठेवला. मुलगी ओळीखाली बोट धरून शांतपणे वाचत गेली. अवघड शब्दाशी थांबली, तो ओठांतल्या ओठांत फोडला, जुळवला आणि पुढे निघाली. हे आपोआप येत नाही. हे कुणीतरी शेजारी बसून, न कंटाळता, पुन्हा पुन्हा करून घेतलेलं असतं. उतारा संपला, आणि रेणुकानं उजव्या हाताची ओंजळ पुढे केली.

"काय पाहिजे?" पद्मावतीबाईंनी विचारलं.

मुलीनं चटकन हात मागे घेतला. "काही नाही मॅडम. सवय झाली."

"वाचून झालं की काय मिळतं?"

"गूळ-शेंगदाणे."

"कोण देतं?"

रेणुका खाली बघत राहिली. "सांगायचं नसतं. नेम आहे तो." मग तिला राहवेना. गालातल्या गालात हसत ती म्हणाली, "पण आमची चिठ्ठी नव्हती काढली. बाईंनी स्वतः नावं घेतली आमची. एकेकाचं. माझं पहिलं."

सुशीलाबाईंचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या, सासू, आणि भिंतीवर कॅलेंडर. पद्मावतीबाई दारात दिसल्या तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. ताट बाजूला सारून त्यांनी आधी पाणी दिलं, मग खुर्ची पुसली, आणि मग स्वतः खाली बसल्या. पद्मावतीबाई कशाला आल्यात हे त्यांना उमगलं होतं. न उमगल्याचा आवही त्यांनी आणला नाही.

"या लेकरांना कुणी शिकवलं, सुशीलाबाई?"

"मीच शिकवलं की मॅडम. दुसरं कोण येतंय इथं?"

"मी तुम्हाला सांगितलं होतं. यांना काही द्यायचं नाही म्हणून."

"हौ. शाळेत नाही दिलं. शाळेत एक अक्षर नाही दिलं, विचारा पाहिजे तर. तुमच्या पेटीतलं एक कार्ड घरी आणलं नाही. तारा नाही, घड्याळ नाही." त्या जराशा दुखावल्यासारख्या वाटल्या. "घरी काय केलं ते माझा नेम होता. चातुर्मासाचा."

नेम म्हणजे काय हे पद्मावतीबाईंना कुणी समजावायची गरज नव्हती. त्यांच्याही घरात बायका आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कुणी वांगं सोडी, कुणी एकभुक्त राही, कुणी रोज एका सवाष्णीला कुंकू लावी. सुशीलाबाईंनी या वर्षी नेम धरला होता, की रोज दोन लेकरांना अर्धा-अर्धा तास वाचायला बसवायचं आणि उठताना हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायचे. दहा लेकरं, पाच दिवसांचा फेरा. शाळा सुटल्यावर, रविवारी, दसऱ्याच्या सुट्टीतही. वाचायला काय? घरात जे असेल ते. लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, सासूबाईंच्या पोथीतली ओळ, वाण्याच्या पुडीचा कागद.

"आणि या साली अधिक आला ना," सुशीलाबाई म्हणाल्या. "चाराचे पाच महिने झाले. पण नेम म्हटल्यावर सोडता येतं का?"

त्रेसष्टचा उलगडा झाला. पेटी सोळा आठवडे चालली होती, त्यातही सुट्ट्या वजा. नेम एकशे अठ्ठेचाळीस दिवस चालला. सुशीलाबाईंनी कॅलेंडरची पानं उलटून दाखवली. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं दोन अक्षरं: रे, यु, गो, शं, मा, कि. एकही चौकोन रिकामा नव्हता. बारा कार्यक्रमांत इतकी स्वच्छ हजेरी पद्मावतीबाईंनी कुठे पाहिली नव्हती. त्यांच्यातल्या अभ्यासकाला क्षणभर आनंदही झाला, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

"मला का नाही सांगितलंत?"

"नेम बोलून दाखवत नाहीत आमच्यात. पण तुम्ही विचारलं असतं तर खोटं नसते बोलले. तुम्ही सहा महिन्यांत चार वेळा आल्या. पेटीचं विचारलं, ताऱ्यांचं विचारलं. त्या दहांचं नाही विचारलं."

हे खरं होतं. पाहणीच्या फॉर्मात तो प्रश्नच नव्हता. फॉर्म पद्मावतीबाईंनीच तयार केला होता.

"पण का, सुशीलाबाई? मी म्हटलं होतं ना, संक्रांतीनंतर यांचाही नंबर आहे."

सुशीलाबाईंनी तांदळाचं ताट पुन्हा मांडीवर घेतलं. "रागावू नका मॅडम. चौऱ्याण्णव सालीसुद्धा तुम्ही आल्या होत्या आमच्या शाळेत. ते एकाग्रतेचं काय तरी होतं. तुम्हाला नाही आठवणार, तुम्ही किती शाळा करता. तेव्हा पंधरा लेकरं बाजूला बसवली होती. 'नंतर' म्हणाल्या होत्या. मला लागून दोनच वर्षं झाली होती तेव्हा, मला खरं वाटलं. मी त्यांना रोज सांगायचे, येतील मॅडम, येतील." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "ती लेकरं आता सतरा-अठराची झाली. बेगमबाजारात भेटतात. पोती उचलतात. नमस्ते करतात मला."

त्यात आरोप नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. पद्मावतीबाईंना चौऱ्याण्णव साल आठवलं. अहवाल आठवला, त्याचं हिरवं कव्हर आठवलं. ती पंधरा मुलं मात्र काही केल्या आठवेनात. कुठल्याच शाळेतली आठवेनात. अकरा कार्यक्रमांत मिळून दोनशेच्या वर मुलांना त्यांनी 'नंतर' म्हणून सांगितलं असेल, आणि तो नंतर एकदाही उगवला नव्हता. यंदाचाही उगवणार नव्हता. ट्रस्टच्या योजनेत दुसरी तुकडी नव्हतीच, हे चिठ्ठ्या काढताना त्यांना माहीत होतं. सवयीनं बोलून गेल्या होत्या.

"आता तुम्ही हे लिहिणार ना?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"लिहावंच लागेल."

"सरांना कळलं तर मला काढतील."

तेही पद्मावतीबाईंना माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी शाळेत शिकवणीचं मोठं लफडं झालं होतं. एक मास्तर वर्गात अर्धवट शिकवून उरलेलं घरी शिकवायचे. तेव्हापासून एकनाथरावांनी फळ्याशेजारी नोटीसच लावली होती, की जो शिक्षक आपल्या वर्गातल्या मुलांना घरी बोलावील त्याला शाळेत जागा नाही, कारण काहीही असो. एकनाथराव माणूस वाईट नव्हते, पण नियमाला पक्के होते. कायम शिक्षकाची निदान चौकशी झाली असती. हंगामी बाईला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हटलं, की संपलं.

"खोटं लिहा असं मी म्हणणार नाही," सुशीलाबाई म्हणाल्या. "तुम्हाला जे बरोबर वाटंल ते करा. नेम पुरा झाला माझा. उद्यापनाला दहाही लेकरांना जेवू घातलं. आता जे व्हायचं ते होवो." एवढं बोलून त्या चहा टाकायला उठल्या, पण उठताना त्यांनी दाराची चौकट धरली, आणि ती बराच वेळ सोडली नाही.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर पद्मावतीबाई अहवाल लिहायला बसल्या. रस्ते तीनच दिसत होते. पहिला, जे आकडे आले तेच द्यायचे आणि गप्प बसायचं. मग पेटी फुकाची ठरणार, ट्रस्टनं शाळेत उघडलेली वाचनाची खोली बंद होणार आणि पाच महिन्यांची मेहनत एका विनोदी आकड्यात गाडली जाणार. दुसरा, खरं ते लिहायचं. मग सुशीलाबाई घरी. तिसरा, या कामातून अंग काढून घ्यायचं. तो सगळ्यांत सोपा होता आणि म्हणूनच त्यांना त्याची किळस आली.

मग त्यांना चौथा सुचला. थकलेल्या माणसाला सुचतात तसल्या युक्त्यांपैकी तो होता; सुचला तेव्हा इतका चांगला वाटला, की तपासून पाहायचं त्यांच्या मनातच आलं नाही. त्यांनी लिहिलं: 'थांबणाऱ्या गटातील मुलांना घरगुती साहित्यातून वाचनाचा सराव द्यावा, अशी सूचना प्रस्तुत मूल्यमापकानेच शिक्षिकेस केली होती. त्यामुळे दोन्ही गटांची तुलना बाधित झाली असून त्याची सर्वस्वी जबाबदारी मूल्यमापकाची आहे.' खाली त्यांनी नेमाचे सगळे तपशील दिले. दिवस, वेळ, पुडीचे कागद, गूळ-शेंगदाणे. फक्त नेम हा शब्द गाळला.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अहवालात खोटं लिहिलं होतं, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा अहवाल लिहून झाल्यावर त्यांना बरं वाटलं. नाव खराब झालं तर आपलं होईल. स्वतःच आखलेला अभ्यास स्वतःच बिघडवणारी बाई म्हणून ट्रस्ट आपल्याला पुन्हा बोलावणार नाही. न बोलावो! चोपन्न वर्षं झाली, गुडघे दुखतात, पुरे झाल्या आता पेट्या.

"हसतेस काय?" नामदेवरावांनी विचारलं.

"एका बाईची नोकरी वाचवली," त्या म्हणाल्या. त्या बाईला विचारून घ्यावं, हे त्यांना तेव्हाही सुचलं नाही.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात शाळेच्या वाचनाच्या खोलीत बैठक ठरली. अमेय लॅपटॉप घेऊन आला. एकनाथरावांनी नवा कोट घातला होता. सुशीलाबाई भिंतीशी उभ्या होत्या. खुर्ची रिकामी असून त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. पद्मावतीबाई त्यांच्याकडे बघून किंचित हसल्या, काळजी करू नका अशा अर्थानं. बोलणी खायची त्यांची तयारी होती. दोन वाक्यं त्यांनी रिक्षात पाठसुद्धा केली होती.

"मॅडम, तुमचा रिपोर्ट आम्ही सगळ्यांनी वाचला," अमेयनं सुरुवात केली. "पहिली गोष्ट, कंट्रोल ग्रुप बिघडला हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत. इतका ऑनेस्ट रिपोर्ट मी आजवर पाहिलेला नाही."

पद्मावतीबाईंची कानशिलं तापली.

"आणि दुसरी गोष्ट. आमची सगळी टीम त्या घरच्या सरावावर फिदा आहे. पेटी नको, ट्रेनिंग नको, पुडीचा कागद आणि अर्धा तास! मॅडम, तुम्ही हे इतक्या सहज मागच्या दारानं आणलंत, आणि मेन आयडियापेक्षा ती वरचढ निघाली. आता आम्ही चाळीस शाळांत पेटीच्या जोडीला हेच नेतोय." त्यानं लॅपटॉप फिरवला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'घर-वाचन' असं लिहिलेलं होतं, आणि खाली, संकल्पना: डॉ. पद्मावती.

"नाही नाही, ती कल्पना माझी नाही," पद्मावतीबाई घाईनं म्हणाल्या आणि तिथंच अडल्या. एकनाथराव मान वाकडी करून ऐकत होते. पुढचं वाक्य उच्चारलं की कल्पना कुणाची ते सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की नोटीस होतीच फळ्याशेजारी. "म्हणजे, बाईंचाही त्यात मोठा वाटा आहे," एवढंच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"ऑफ कोर्स! राबवलं त्यांनीच ना," अमेय म्हणाला.

"आमच्या बाई आज्ञाधारक आहेत," एकनाथराव कौतुकानं म्हणाले. "मला आधी जरा धक्का बसला, घरी बोलावलं म्हटल्यावर. पण मॅडमचीच सूचना होती म्हटल्यावर प्रश्नच मिटला. बाई, तुमच्या फाइलला मी या आठवड्यात शेरा मारून पुढे पाठवतो. सांगितलेलं काम निमूट करणारी माणसं हल्ली मिळतात कुठं?"

सुशीलाबाईंनी हात जोडले. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. त्यांनी पद्मावतीबाईंकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत राग असता तर पद्मावतीबाईंनी सोसला असता. आपल्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या घरात मांडलेली दिसावी आणि ती आपली म्हणायची सोय नसावी, तसं ते बघणं होतं.

नऊ वर्षं जी शाळा या बाईला सांगेल ते करायला लावत आली होती, तिथं तिनं एकच गोष्ट कुणी न सांगता केली होती. तीही आता सांगितलेल्या कामांत जमा झाली. आणि जमा करणारा हात कुणाचा, हे पद्मावतीबाईंना त्या खुर्चीत बसल्या बसल्या लख्ख दिसलं. त्यांना उठून निघून जावंसं वाटलं, पण धीर झाला नाही.

"फोटो काढू या का?" अमेय म्हणाला. "त्या दहा मुलांना बोलवा ना सर."

मुलं आली. रांगेत उभी राहिली. एकनाथरावांनी घसा खाकरून त्यांना सांगितलं, की तुम्ही आज इतकं छान वाचता ते या मॅडममुळे. मॅडमनी बाईंना सांगितलं, या मुलांना घरी बोलवा, वाचायला बसवा, म्हणून बाईंनी तुम्हाला बोलावलं. तर मॅडमना सगळ्यांनी थँक यू म्हणायचं.

मुलांनी एका सुरात म्हटलं. रेणुकानं म्हटलं नाही. ती रांगेतून निघाली आणि थेट भिंतीशी, सुशीलाबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, तुम्हाला मॅडमनी सांगितलं होतं? म्हणून बोलावलं आम्हाला?"

अमेय कॅमेरा लावत होता, त्याच्या काही लक्षात आलं नाही. पद्मावतीबाई सुशीलाबाईंकडे बघत राहिल्या. नाही म्हणा, असं त्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि हो म्हणा, अशीही त्यांच्या जिवाची धडपड चालली होती.

सुशीलाबाईंनी मुलीच्या केसांवरून हात फिरवला.

"हौ," त्या म्हणाल्या. "मॅडमनीच सांगितलं होतं."

"माझं नाव पहिलं घ्या, तेपण?"

"तेपण."

रेणुकानं मान हलवली. मग ती पद्मावतीबाईंकडे वळली, सरांनी शिकवलं तसं थँक यू मॅडम म्हणाली आणि फोटोसाठी रांगेत आपल्या जागी जाऊन उभी राहिली.